विश्लेषण : ऑक्सफर्डची कायदा परीक्षा उत्तीर्ण होऊनही कॉर्नेलिया सोराबजींना सनदेसाठी तीन दशके का थांबावे लागले?

परदेशातील नामवंत विद्यापीठात कायदा शिकून आलेल्या विद्यार्थ्याला मायदेशी परतल्यावर पहिला धक्का बसतो तो सनदेच्या प्रश्नाचा. पदवी हातात असते, पण तेवढ्यावर न्यायालयात उभे राहता येत नाही. हा प्रश्न आजचा नाही. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या. असे यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. मात्र न्यायालयाच्या नोंदवहीत वकील म्हणून त्यांचे नाव लागायला १९२१ साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय ५४ होते. मधल्या काळात त्यांनी आणखी दोन परीक्षा दिल्या, सरकारदरबारी अर्ज केले आणि सनद नसतानाही शेकडो स्त्रियांची कायदेशीर कामे मार्गी लावली. त्यांच्या आयुष्याची ही कहाणी म्हणजे पदवी आणि सनद या दोन गोष्टींमधील अंतराचीही कहाणी आहे.

पदवी आणि सनद यांत फरक काय?

पदवी विद्यापीठ देते. विद्यार्थ्याला विषयाचे ज्ञान आहे, एवढेच ती सांगते. सनद म्हणजे व्यवसायाचा परवाना. तो देण्याचा अधिकार विद्यापीठाकडे नसतो. तो न्यायालयाकडे किंवा वकिलांच्या नियामक संस्थेकडे असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा फरक आजच्यापेक्षाही ठळक होता.

इंग्लंडमध्ये वकिलीचे दोन मार्ग होते. न्यायालयात युक्तिवाद करणारा तो बॅरिस्टर आणि अशिलाची कागदपत्रे, करार, मृत्युपत्रे पाहणारा तो सॉलिसिटर. बॅरिस्टर होण्यासाठी विद्यापीठाची पदवी आवश्यकच होती असे नाही. लंडनमधील लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल आणि ग्रेज इन या चारपैकी एका संस्थेचे सदस्य व्हावे लागे. तिथे ठरावीक सत्रे भरावी लागत, म्हणजे प्रत्यक्षात ठरावीक वेळा भोजनाला हजर राहावे लागे. परीक्षा द्यावी लागे. त्यानंतर संस्था उमेदवाराला बॅरिस्टर म्हणून मान्यता देत असे.

भारतात उच्च न्यायालयांमध्ये इंग्लंडहून आलेल्या बॅरिस्टरांचा दर्जा वरचा मानला जाई. येथील विद्यापीठाची कायद्याची पदवी किंवा उच्च न्यायालयाची परीक्षा उत्तीर्ण झालेले ‘वकील’ हा दुसरा वर्ग होता. त्याखाली जिल्हा न्यायालयातील प्लीडर आणि मुखत्यार येत. यातील कोणत्याही दारातून आत जायचे, तर नाव नोंदवून घेणारी संस्था तयार असावी लागे. कॉर्नेलिया यांची अडचण नेमकी तिथेच होती.

कॉर्नेलिया यांची पार्श्वभूमी काय होती?

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते धर्मोपदेशक झाले. आई फ्रान्सिना यांना लहानपणी एका ब्रिटिश दांपत्याने दत्तक घेतले होते. मुलीचे कॉर्नेलिया हे नाव त्या दत्तक आजीच्या नावावरून ठेवलेले. फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढली. वेगवेगळ्या धर्मांची मुले-मुली तिथे एकत्र शिकत. घरातील मुलींनी शिकायचे आणि समाजाच्या उपयोगी पडायचे, असा त्या घराचा शिरस्ता होता. कॉर्नेलिया यांच्या बहिणींपैकी अ‍ॅलिस डॉक्टर झाल्या, तर सूसी यांनी पुण्यात मुलींच्या शिक्षणासाठी काम केले.

कॉर्नेलिया यांचे बालपण बेळगाव आणि पुणे येथे गेले. फ्रान्सिना यांच्याकडे मालमत्तेच्या तंट्यांत अडकलेल्या स्त्रिया सल्ल्यासाठी येत. नवऱ्यामागे आलेली मालमत्ता कारभाऱ्यांच्या किंवा नातेवाइकांच्या हाती गेली आणि दाद कुणाकडे मागायची हेच कळत नाही, अशा तक्रारी घरातच कानांवर पडत होत्या. कायदा शिकण्याचे बीज तिथे पडले.

मुंबई विद्यापीठाने त्यांच्या मोठ्या बहिणींना प्रवेश नाकारला होता. कॉर्नेलिया यांच्या वेळेपर्यंत ते दार उघडले. त्या मॅट्रिक झाल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाल्या. तिथल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. बी.ए.ची परीक्षा त्यांनी पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली आणि मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या.

शिष्यवृत्ती मिळूनही का हुकली?

अंतिम परीक्षेत अव्वल आलेल्या विद्यार्थ्याला इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. गुणांनुसार ती कॉर्नेलिया यांना मिळायला हवी होती. पण ती स्त्रीला देता येणार नाही, असे सांगण्यात आले. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवले. एका तरुणीने पुरुष विद्यार्थ्यांच्या वर्गावर शिकवणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

मदत इंग्लंडहून आली. भारतात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात विधी सदस्य राहिलेल्या लॉर्ड हॉबहाउस यांच्या पत्नी मेरी हॉबहाउस यांनी ‘द टाइम्स’मधून हा विषय मांडला आणि वर्गणी उभी केली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव होते. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. त्याच वर्षी मुंबईच्या रखमाबाई लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी पोहोचल्या. दोघींच्या वाटा मात्र वेगळ्या ठरल्या. डॉक्टर म्हणून नोंदणीचे दार इंग्लंडमध्ये स्त्रियांसाठी १८७६ च्या कायद्याने खुले झाले होते. वकिलीचे दार बंदच होते.

ऑक्सफर्डमध्ये काय घडले?

आरंभी त्यांनी साहित्य शिकावे, अध्यापनाकडे वळावे असे अनेकांचे मत होते. त्यांनी कायद्याचा आग्रह धरला. बेलियल कॉलेजचे प्रमुख आणि ग्रीक भाषेचे विद्वान बेंजामिन जॉवेट यांनी त्यांना पाठबळ दिले. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख आणि घटनाकायद्याचे जाणकार सर विल्यम अ‍ॅन्सन यांनी त्यांच्यासाठी कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयाचे दार उघडले. तिथे वाचन करण्याची मुभा मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत्या.

‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ हा पदवीनंतरचा, अवघड समजला जाणारा अभ्यासक्रम होता. त्याच्या परीक्षेला तोवर कोणतीही स्त्री बसली नव्हती. त्यांना बसू द्यायचे की नाही, हा विद्यापीठापुढे प्रश्न होता. अखेर विद्यापीठाने खास ठराव करून परवानगी दिली. १८९२ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. वर्ग तिसरा मिळाला आणि त्याची खंत त्यांना राहिली.

पण खरी अडचण वर्गाची नव्हती. ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देत असले, तरी पदवी देत नव्हते. म्हणजे कॉर्नेलिया यांनी परीक्षा उत्तीर्ण केली, पण पदवीदान समारंभात त्यांचे नाव पुकारले गेले नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्याचा निर्णय १९२० मध्ये घेतला. कॉर्नेलिया यांना आपली पदवी १९२२ मध्ये मिळाली, म्हणजे परीक्षेनंतर ३० वर्षांनी.

इंग्लंडमध्येच बॅरिस्टर का झाल्या नाहीत?

चारही ‘इन’ स्त्रियांना सदस्य करून घेत नव्हत्या. त्यामुळे बॅरिस्टर होण्याचा मार्ग मुळातच बंद होता. तुलना करायची तर मोहनदास गांधी यांचे उदाहरण घेता येईल. ते १८८८ मध्ये लंडनला गेले, इनर टेम्पलचे सदस्य झाले, परीक्षा उत्तीर्ण झाले आणि जून १८९१ मध्ये बॅरिस्टर म्हणून मान्यता मिळताच भारतात परतले. त्यांच्याकडे ऑक्सफर्डची परीक्षा नव्हती. तरीही मुंबईच्या उच्च न्यायालयात ते उभे राहू शकत होते. पुढे नाताळमध्ये १८९४ साली तिथल्या वकील संघटनेने त्यांच्या प्रवेशाला विरोध केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो विरोध बाजूला सारून त्यांना सनद दिली. गांधींचा अर्ज अडवणारे होते, पण त्यावर निर्णय देणारे न्यायालयही होते. कॉर्नेलिया यांचा अर्ज घ्यायलाच कुणी बसलेले नव्हते.

सॉलिसिटरचा मार्गही स्त्रियांना खुला नव्हता. कॉर्नेलिया यांनी लंडनमधील सॉलिसिटरांच्या एका कार्यालयात काही काळ काम शिकून घेतले. कागदपत्रे कशी तयार करायची, मालमत्तेचे व्यवहार कसे तपासायचे याचा सराव त्यांना तिथे झाला. अधिकृत पात्रता मात्र त्यातून मिळणार नव्हती. १८९४ पर्यंत त्या भारतात परतल्या.

भारतात परतल्यावर कोणते मार्ग शोधले?

पहिला मार्ग संस्थानांचा. संस्थानांतील न्यायालये ब्रिटिश उच्च न्यायालयांच्या कक्षेबाहेर होती. काठियावाड आणि इंदूर येथील ब्रिटिश प्रतिनिधींकडून कॉर्नेलिया यांनी पडदानशीन स्त्रियांच्या वतीने कैफियत दाखल करण्याची परवानगी मिळवली. पण कैफियत लिहिणे वेगळे आणि न्यायालयात ती लढवणे वेगळे. लढवण्यासाठी सनद हवी.

दुसरा मार्ग फौजदारी प्रक्रियेतील एका तरतुदीचा. न्यायालयाने परवानगी दिल्यास सनद नसलेल्या व्यक्तीलाही आरोपीच्या वतीने उभे राहता येत असे. या सवलतीचा आधार घेऊन १८९६ मध्ये पुण्यात कॉर्नेलिया यांनी एका खटल्यात आरोपीची बाजू मांडली. ब्रिटिश अमलाखालील न्यायालयात एखाद्या स्त्रीने अशी बाजू मांडण्याचा तो पहिलाच प्रसंग मानला जातो. मात्र ती त्या खटल्यापुरती परवानगी होती. दुसऱ्या खटल्यासाठी पुन्हा दुसऱ्या न्यायाधीशाच्या मर्जीवर विसंबावे लागणार होते.

तिसरा मार्ग म्हणजे इथल्याच पात्रता मिळवणे. ऑक्सफर्डची परीक्षा पुरेशी नसेल तर भारतीय परीक्षा देऊ, असा विचार करून त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. पूर्ण केली. त्यानंतर १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली आणि त्यातही यश मिळवले. आता पात्रतेत कोणतीही उणीव उरली नव्हती. ऑक्सफर्ड, मुंबई आणि अलाहाबाद अशा तीन ठिकाणच्या परीक्षा झाल्या होत्या. तरीही अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांचे नाव नोंदवले नाही. अडचण परदेशी परीक्षेची कधी नव्हतीच, हे त्यातून स्पष्ट झाले.

पडदानशीन स्त्रियांसाठी महिला वकिलाची गरज का होती?

त्या काळी बंगाल, बिहार, संयुक्त प्रांत आणि काठियावाडातील अनेक जमीनदार घराण्यांतील स्त्रिया जनानखान्याबाहेर पडत नसत. परपुरुषासमोर यायचे नाही, हा दंडक. पतीच्या निधनानंतर मोठमोठ्या जमिनी कायद्याने अशा विधवांच्या ताब्यात येत, पण कागदोपत्री व्यवहार दिवाण, कारभारी किंवा दीर-पुतणे पाहत. कागद पडद्याआड पाठवला जाई आणि त्यावर अंगठा उमटून बाहेर येई. आत काय लिहिले आहे, हे तिला वाचून दाखवले का, कुणी दाखवले, की अंगठाच दुसऱ्या कुणाचा होता, हे सिद्ध करणे कठीण.

कायद्याला ही अडचण ठाऊक होती. दिवाणी प्रक्रिया संहितेत अशा स्त्रियांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूट होती. त्यांची साक्ष कमिशन नेमून घेतली जाई. पडदानशीन स्त्रीने केलेला दस्त तिला समजावून सांगितला होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर असते, असे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलच्या निकालांतून पक्के झाले होते. पण हे संरक्षण वाद न्यायालयात पोहोचल्यावरचे. त्याआधी तिला सल्ला कुणी द्यायचा? पुरुष वकील पडद्याआड जाऊ शकत नव्हता आणि जी जाऊ शकत होती, तिला वकील होता येत नव्हते. कॉर्नेलिया यांनी पुढची अनेक वर्षे याच मुद्द्यावर पाठपुरावा केला.

सनदेविना काम कसे केले?

प्रांतिक न्यायालयांत स्त्रिया आणि अज्ञान मुलांची बाजू मांडण्यासाठी महिला विधी सल्लागार नेमावी, अशी मागणी त्यांनी १९०२ पासून लंडनच्या इंडिया ऑफिसकडे लावून धरली. १९०४ मध्ये बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’मध्ये महिला सहायक म्हणून त्यांची नेमणूक झाली. नावात ‘कोर्ट’ असले तरी हे न्यायालय नव्हे. जमीनदारीचा वारस अज्ञान असेल किंवा मालक स्वतः कारभार पाहण्यास असमर्थ ठरवला गेला असेल, तर ती मालमत्ता सांभाळणारी ही सरकारी यंत्रणा होती. सरकारच्या देखरेखीखालील अनेक जमीनदाऱ्यांच्या मालकिणी पडदानशीन होत्या.

हळूहळू कामाचा पसारा बंगालबरोबरच बिहार, ओरिसा आणि आसामपर्यंत वाढला. रेल्वे, बोट, पालखी, प्रसंगी हत्ती अशा मिळेल त्या वाहनाने त्या दूरच्या हवेल्यांपर्यंत पोहोचत. विधवेला मिळणाऱ्या पोटगीचा तंटा, दत्तकविधानाचा वाद, सासू-सुनांमधील मालमत्तेचे भांडण, लहान वारसाच्या शिक्षणाची व्यवस्था, घरातील आजारपण आणि स्वच्छता, अशी नाना प्रकारची कामे त्यांच्याकडे येत. त्या दोन्ही बाजूंचे ऐकून घेत, तडजोड घडवत आणि सरकारला अहवाल देत. सुमारे २० वर्षांच्या काळात ६०० हून अधिक स्त्रिया आणि मुलांना त्यांची मदत झाल्याचे मानले जाते. यातील काही जणींकडून त्यांनी शुल्क घेतले नाही. १९०९ मध्ये सरकारने त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ सुवर्णपदक दिले.

पण या कामालाही मर्यादा होत्या. त्या सरकारी अधिकारी होत्या, अशिलाने नेमलेल्या वकील नव्हत्या. तडजोड फिसकटली आणि प्रकरण न्यायालयात गेले, की पुढचे काम पुरुष वकिलाकडे सोपवावे लागे. ज्या स्त्रीची सगळी हकिकत त्यांनी पडद्याआड बसून ऐकली होती, तिच्यासाठी न्यायालयात बोलण्याचा हक्क त्यांना नव्हता.

दार उघडले कसे?

कॉर्नेलिया यांच्याप्रमाणेच इतर स्त्रियाही दार ठोठावत होत्या. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या ग्वेनेथ बेब यांनी सॉलिसिटरांच्या संस्थेविरुद्ध दावा लावला. सॉलिसिटरविषयक कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द होता, तरी त्यात स्त्रीचा समावेश होत नाही, असा निकाल १९१३ मध्ये अपील न्यायालयाने दिला. आजवर एकही स्त्री सॉलिसिटर झालेली नाही, म्हणून ती होऊ शकत नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

हाच मुद्दा भारतात आला. कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी मिळवून वकिलीसाठी अर्ज केला. १८७९ च्या वकिलीविषयक कायद्यातही ‘व्यक्ती’ असाच शब्द होता. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने अर्ज फेटाळला. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनाही उच्च न्यायालयाने नकार दिला. स्त्रियांना मनाई करणारे कलम कायद्यात कुठेच नव्हते. पण त्यांना परवानगी आहे असेही कुठे लिहिलेले नव्हते आणि न्यायालयांनी या मौनाचा अर्थ मनाई असा लावला.

इंग्लंडमध्ये मात्र पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९१९ च्या कायद्याने केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून व्यवसायापासून दूर ठेवण्यास बंदी आली आणि ‘इन’ची दारे उघडली. भारतात अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२१ मध्ये कॉर्नेलिया यांची वकील म्हणून नोंदणी केली. ज्या न्यायालयाची परीक्षा त्या १८९९ मध्ये उत्तीर्ण झाल्या होत्या, त्याच न्यायालयाने २२ वर्षांनी त्यांना दार उघडले. १८७९ चा कायदा तोच होता, कॉर्नेलिया यांच्या परीक्षाही त्याच होत्या. बदलला होता तो न्यायालयाने लावलेला अर्थ.

कलकत्ता आणि पाटणा एक सांगतात, अलाहाबाद दुसरे सांगते, ही विसंगती फार काळ टिकणारी नव्हती. १९२३ मध्ये केंद्रीय कायदेमंडळाने महिला वकिलांविषयीचा स्वतंत्र कायदा केला. केवळ स्त्री आहे म्हणून कुणालाही वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, हे त्यात स्पष्ट झाले. त्याच सुमारास मुंबईच्या मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या महिला वकील ठरल्या. कॉर्नेलिया यांनीही याच काळात इंग्लंडला जाऊन लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होण्याची प्रक्रिया पूर्ण केली.

सनद मिळाल्यावर काय झाले?

१९२४ मध्ये त्या बॅरिस्टर म्हणून कलकत्त्याला आल्या. वय ५७ होते. ज्या वयात इतर वकील नावारूपाला येऊन थकलेले असतात, त्या वयात त्यांची सुरुवात होती. सनद मिळाली, पण खटले मिळेनात. खटले सॉलिसिटरकडून येतात आणि ते सॉलिसिटर पुरुष होते. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याऐवजी त्यांच्या वाट्याला मुख्यतः लेखी कायदेशीर मते देण्याचे काम आले. म्हणजे सनदेनंतरही काम जवळपास पूर्वीचेच राहिले. त्यातच दृष्टी अधू होऊ लागली. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि लंडनमध्ये स्थायिक झाल्या.

राजकीय मतांमुळेही त्या एकट्या पडल्या. ब्रिटिश राजवटीवर त्यांची निष्ठा होती आणि गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. सामाजिक सुधारणा आधी, स्वराज्य नंतर, अशी त्यांची भूमिका होती. कॅथरिन मेयो यांच्या भारतीय समाजाची बदनामी करणाऱ्या ‘मदर इंडिया’ या १९२७ च्या वादग्रस्त पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली, तेव्हा भारतातील महिला चळवळीतील अनेक सहकारी दुरावल्या. स्वतंत्र भारतात त्यांचे नाव मागे पडले, त्याचे हे एक मोठे कारण. ‘इंडिया कॉलिंग’ हे त्यांचे आत्मकथन १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या लिंकन्स इनचे दार त्यांच्या तरुणपणी बंद होते, तिथे २०१२ मध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.

आज परदेशी पदवी घेऊन येणाऱ्यांसाठी नियम काय?

आज लिंगाची अट उरलेली नाही, पण पदवी आणि सनद यांतील अंतर कायम आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार परदेशी विद्यापीठाची कायद्याची पदवी भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजेच बार कौन्सिल ऑफ इंडियाने, मान्य केलेली असेल तरच सनदेचा विचार होतो. अशा भारतीय नागरिकाला संविधान, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया अशा विषयांची पात्रता परीक्षा द्यावी लागते. त्यानंतर राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी होते. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करावी लागते. पुढे सर्वांना लागू असलेली अखिल भारतीय वकिली परीक्षाही द्यावी लागते. इंग्लंडमधून बॅरिस्टर होऊन येणाऱ्यांना केवळ त्या आधारावर सनद मिळण्याची जुनी सोय १९७६ अखेरपर्यंत बॅरिस्टर झालेल्यांपुरतीच ठेवण्यात आली.

उलट दिशेनेही हेच. भारतातील पदवीधराला इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचे असेल, तर २०२१ पासून दोन टप्प्यांची पात्रता परीक्षा, दोन वर्षांचा कामाचा अनुभव आणि चारित्र्याची पडताळणी हा मार्ग आहे. न्यूयॉर्कमध्ये अनेकांना आधी तिथल्या विद्यापीठाची एलएल.एम. पदवी घ्यावी लागते आणि मग बार परीक्षा देता येते. एलएल.एम. झाले म्हणजे वकिली करता येईल, हा समज दोन्हीकडे खोटा ठरतो. त्यामुळे परदेशी प्रवेश घेण्यापूर्वीच दोन गोष्टी तपासणे शहाणपणाचे. ती पदवी भारतात मान्य आहे का आणि जिथे वकिली करायची आहे तिथली नियामक संस्था आणखी काय मागते?

आजच्या आणि कॉर्नेलिया यांच्या काळातील फरक याच दुसऱ्या प्रश्नात आहे. आज नियामक संस्था काय मागते, ते लेखी असते. परीक्षा ठरलेली असते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर मनमानी नकार मिळाला, तर दाद मागता येते. कॉर्नेलिया यांनी मागितलेली प्रत्येक पात्रता मिळवली आणि तरीही त्यांना थांबावे लागले. त्या ३० वर्षांची भरपाई करण्याची तरतूद मात्र नंतरच्या कोणत्याही कायद्यात नव्हती.